करजणची वाट आणि नावांचा वारसा

मुंबईहून बडोद्याकडे जाणारी गाडी नर्मदेचा पूल ओलांडून भरूच सोडते, आणि दुतर्फा कानम प्रदेशाची काळी जमीन व कपाशीची शेते दिसू लागतात. पालेज मागे पडले की येते मियागाम-करजण. दोन गावांची नावे एकत्र गुंफून केलेले हे स्थानकाचे नाव वाचताना इंग्रजांच्या जोडआडनावांची आठवण व्हावी. येथून डभोईपर्यंत १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. आरंभी ती बैल ओढीत असत. बडोद्याची वाट धरणारे आपण बहुतेक जण हे स्थानक खिडकीतूनच पाहतो. एकदा मात्र येथे मुद्दाम उतरावे आणि नारेश्वरला जाऊन यावे.

नारेश्वर हे करजण तालुक्यातले नर्मदातीरावरचे क्षेत्र. श्री रंग अवधूत महाराज १९२५ साली येथे येऊन राहिले. गुजरातेतील असंख्य घरांत म्हटली जाणारी ‘दत्तबावनी’ त्यांनी गुजरातीत रचली. पण त्यांचा जन्म मराठी घरातला, १८९८ साली गोध्र्यास झालेला. पूर्वाश्रमीचे नाव पांडुरंग विठ्ठल वळामे. वडील विठ्ठल, आई रुक्मिणी आणि पुत्र पांडुरंग! महाराष्ट्रापासून दूर गेलेल्या त्या घराने पंढरपूर जणू नावांतच वसविले होते. परमुलखात घर, शेत, बोलीसुद्धा बदलते. बरोबर नेता येते ते बहुधा नावच.

तेथील घाटावर करजणच्या एका वयोवृद्ध मराठी आजींशी बोलणे झाले. त्यांच्या नातीला इंग्लंडात मुलगी झाली होती आणि नाव अजून ठरायचे होते. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे. आत्याने कानात नाव सांगायचे. गुजराती शेजारी सहाव्या दिवशी छठ्ठी करतात, आणि त्यांच्याकडेही नाव ठेवण्याचा मान फोईचा, म्हणजे आत्याचाच. इंग्लंडात आत्या नाही, पण सरकारी नोंद आहे. तीसाठी बेचाळीस दिवसांची मुदत असते. ‘‘तिथल्या शेजारणी फ्लॉरेन्स, आयव्ही अशी नावं सुचवतात,’’ आजी म्हणाल्या, ‘‘त्यांच्या पणज्यांची नावं म्हणे!’’

आजींचे हे वाक्य मला विचार करावयास लावून गेले. इंग्रजांची परंपरागत नावे आपल्याला भारदस्त वाटतात, ती काही अर्थामुळे नव्हेत. विल्यम, रॉबर्ट, हेन्री ही नावे १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर तेथे रुजली. त्यांचे मूळ अर्थ आज तेथील सामान्य माणसाला क्वचितच ठाऊक असतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी जन्मली म्हणून तिला त्या शहराचे नाव मिळाले; पुढे तिच्या कीर्तीने ते घरोघर पोहोचले. मधल्या काळात जुनाट वाटू लागलेली फ्लॉरेन्स, आयव्ही, आर्थर ही नावे अलीकडे पुन्हा पाळण्यात आली आहेत. २०१५ साली जन्मलेल्या राजकन्येचे नाव शार्लट एलिझाबेथ डायाना असे ठेवले. त्यात पणजीही आली आणि दिवंगत आजीही. नाव कोणी धारण केले होते, याला तेथे मोल आहे.

आपलीही जुनी रीत हीच होती. नातवाला आजोबांचे नाव ठेवावे आणि सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून त्याला नुसते ‘बाळ’ किंवा ‘अप्पा’ म्हणावे, अशी घरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. आता आपण अर्थाच्या शोधात नावांच्या पुस्तिका चाळतो. परदेशी उच्चारता येईल असेही नाव हवे असते, म्हणून नील, शीला, तारा, माया यांना पसंती मिळते. यात गैर काही नाही. बडोद्याच्या राजकन्या इंदिराराजे यांनी तर १९१९ साली लंडनमध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीला रायडर हॅगर्डच्या कादंबरीतील नायिकेवरून ‘आयेशा’ म्हटले. पुढे जग तिला गायत्रीदेवी म्हणून ओळखू लागले. घरच्यांसाठी ती आयेशाच राहिली.

परंतु आजीचे नाव पणतीला द्यावयाचे ठरविले तर आपल्याकडे एक अडचण उभी राहते. इंग्रज स्त्रीचे विवाहानंतर आडनाव बदलले तरी जन्मनाव तेच राही. आपण दोन्ही बदलली. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी लक्ष्मीबाई आणि दुसऱ्या गजराबाई. बडोद्याच्या राजवाड्यात दोघीही चिमणाबाईच झाल्या. महाराजांचेही गोपाळरावाचे सयाजीराव झाले होते, पण ते दत्तकविधानामुळे. सामान्य घरांतील मुलाचे नाव जन्मभर टिके. मुलीचे मात्र लग्नमंडपात, तांदळात नवे नाव लिहिताच, मागे पडे. मग पणतीला द्यायचे ते नाव कोणते? आजीचे, की सासरने तिला दिलेले?

आजींच्या नातीने याचे उत्तर शोधले होते. तिने पत्र नव्हे, दूरध्वनी करून विचारले, ‘‘आजी, तुझं माहेरचं नाव काय गं?’’ घरात ते कोणालाच ठाऊक नव्हते. आईवडील व भावंडे गेल्यावर त्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नव्हते. बारशाला आजी इंग्लंडात जाऊ शकणार नव्हत्या. ‘‘त्या पोरीला हाक मारतील,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ती फोनवर मी ऐकेन.’’

आपल्या घरांच्या वंशावळी काढून पाहाव्यात. पुरुषांच्या सात-सात पिढ्या तेथे मिळतात. स्त्रिया असल्याच तर सासरच्या नावाने. घरात आजी, मावशी, काकू हयात आहेत तोवर त्यांची माहेरची नावे विचारून वहीत उतरवून ठेवावीत. बारशाच्या आदल्या रात्री त्या वहीइतकी उपयोगाची पुस्तिका बाजारात मिळणार नाही.