नऊ हजार तासांचा नवशिक्या

आमच्या घराण्यात विमानात पहिल्यांदा बसला तो माझा आतेभाऊ, आणि बसला तो थेट वैमानिकाच्या खुर्चीवर! आम्ही बाकीच्यांनी, एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, ही सूचना पाळण्यातच उमेदीची वर्षे घालवली. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. गेली वीस वर्षे तो कॅलिफोर्नियात असतो आणि मोठमोठी प्रवासी विमाने चालवतो. वैमानिकाचा अनुभव वर्षांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. दादाच्या वहीत नऊ हजार तासांची नोंद आहे. मी एकदा कागदावर भागाकार करून पाहिला. ३७५ दिवस झाले. म्हणजे हा गृहस्थ वर्षाहून अधिक काळ, रात्रंदिवस, जमिनीला पाय न लावता राहिला आहे. इतका काळ तर मी सलग वर्गातही उभा राहिलो नसेन.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो होतो. एके रात्री जेवताना वहिनी डब्यातला आमरस वाढत होत्या. दादा सहज म्हणाला, "उद्या सकाळी मी शिकायला जाणार आहे. येतोस?"

"या वयात काय शिकायचं राहिलंय तुझं?"

"हेलिकॉप्टर."

मी हसलो. म्हटले, "म्हणजे मराठीच्या प्राध्यापकानं बाराखडी गिरवायला बसण्यासारखंच झालं की!"

"गिरवू की," तो म्हणाला, "पण ही बाराखडी निराळी आहे म्हणतात."

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला टॉरन्स नावाचे गाव आहे. तिथल्या छोट्या विमानतळाला लागूनच रॉबिन्सन हेलिकॉप्टरचा कारखाना आहे. फ्रँक रॉबिन्सन या इंजिनिअरने १९७३ साली राहत्या घरात ही कंपनी काढली, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. सामान्य माणसाच्या आवाक्यातले लहान हेलिकॉप्टर करायचे, एवढा एकच ध्यास. त्याच्या आर-४४ या चार माणसांच्या यंत्रात दादाचा पहिला धडा व्हायचा होता. चारांपैकी मागची एक जागा माझी.

आम्ही पोचलो तेव्हा समुद्रावरून आलेले धुके अजून पुरते उठले नव्हते. शिकवायला आली ती जेमतेम पंचविशीची मुलगी. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात ती सहज शोभली असती. तिने प्रथम आम्हा दोघांचे वजन विचारले. बायकांना वय आणि पुरुषांना पगार विचारू नये असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत पुरुषांना वजनही विचारू नये, एवढी भर त्यात मी घालीन. मी आकडा जरा आखडून सांगितला. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिले आणि निमूटपणे मला वजनकाट्यापाशी नेले.

त्यानंतर तासभर खोलीत बसून शिकवणी झाली. हे सोपस्कार नव्हते. रॉबिन्सनची ही छोटी हेलिकॉप्टरे चालवायला हातात घेण्याआधी त्यांचे विशेष धोके समजावून घ्यावेत, असा नियमच अमेरिकेत १९९५ सालापासून आहे. शिकवता शिकवता तिने विचारले, "कॅप्टन, लहान विमानात पडण्याच्या सूचनेचा भोंगा वाजला तर तुम्ही काय करता?"

"नाक खाली. दांडा पुढे," दादा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. बरोबरच होते. वेग मंदावला की पंखावरची हवा सुटते. नाक खाली केले की वेग येतो आणि विमान सावरते. शिकाऊ वैमानिकाला हे इतके घोटवतात की झोपेतही त्याचा हात पुढेच जाईल.

"हेलिकॉप्टरमध्येही एक भोंगा आहे," ती म्हणाली. "पण तो सांगतो की डोक्यावरची पाती मंद फिरू लागली आहेत. तेव्हा डावी दांडी खाली करायची आणि इंजिनाला जोर द्यायचा. दांडा पुढे ढकलाल तर उरलेसुरले फेरेही जातील. मग सावरायला संधी मिळत नाही."

कारखान्याने आपल्या पुस्तिकेत एक खास इशाराच छापला आहे, असेही तिने सांगितले. तो नवशिक्यांसाठी नाही. मुरलेल्या विमानचालकांसाठी आहे. शांतपणे चालवताना ते उत्तम चालवतात. मात्र अवचित संकट आले की त्यांचा हात जुन्या सवयीने चालतो, आणि नेमका घात होतो.

दादा मान डोलावत होता. त्याला सगळे पटले होते. डोक्याला पटले होते, असे म्हणतो. हाताचे अजून कळायचे होते.

यंत्रापाशी गेलो तर हा सरळ डाव्या दाराकडे चालू लागला. विमानात कॅप्टनची जागा डावीकडे असते. हेलिकॉप्टरमध्ये मुख्य चालक उजवीकडे बसतो. ती नुसती हसली आणि तिने उजवे दार उघडून धरले. उजवीकडे बसला, तर आता हातांचीही अदलाबदल. आजवर डाव्या हाताने दिशा सांभाळली आणि उजव्याने इंजिनाचा जोर. इथे दिशा उजव्या हातात आणि जोर डाव्या. विमानात जोर हवा तर दांडी पुढे ढकलायची. इथे बाजूची दांडी वर उचलायची. माणसाला एकाएकी डाव्या हाताने जेवायला बसवावे, तसा दादा दिसत होता.

इंजिन सुरू झाले. डोक्यावर दहा मीटर व्यासाचे ते दोन पात्यांचे चक्र मिनिटाला चारशे फेरे घेऊ लागले, तेव्हा माझ्या पोटातला आमरस ढवळला. कानांवरच्या यंत्रातून दोघांचे बोलणे मला ऐकू येत होते. जमिनीवर असतानाच तिने तपासणीसाठी तो भोंगा वाजवला. आणि मी मागून स्पष्ट पाहिले, दादाचा उजवा हात बोटभर पुढे सरकला. अर्ध्या तासापूर्वीच शिकलेला! त्यालाही ते उमगले असावे, कारण त्याची मान लाल झाली.

वर गेल्यावर मात्र सगळे बदलले. वेगाने पुढे जाणारे हेलिकॉप्टर बरेचसे विमानासारखे वागते. दादाने खाली समुद्राची कड धरून ते असे सुरेख नेले की माझीही छाती फुगली. "हे तर विमानच आहे," तो म्हणाला. ती म्हणाली, "हो. आता परत जाऊ आणि थांबायला शिकू."

विमानतळाच्या एका मोकळ्या कोपऱ्यात, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, तिने ते यंत्र भिंतीला खिळा ठोकून टांगावे तसे स्थिर केले. मग एकेक गोष्ट दादाच्या हवाली केली. आधी नुसती पायातली पायटी. नंतर नुसती डावी दांडी. नंतर फक्त उजवी मूठ. आणि शेवटी तिन्ही एकदम.

चार सेकंद बरे गेले. मग आम्ही किंचित पुढे झुकलो. दादाने मूठ मागे घेतली. यंत्राने क्षणभर काहीच केले नाही, म्हणून त्याने आणखी घेतली. आणि तेवढ्यात दोन्हीचा परिणाम एकदम झाला. आम्ही मागे लोंबकळलो. त्याने पुढे ढकलली. आम्ही पुढे झोकांडलो. जोर वाढवावा तर नाक उजवीकडे वळे, ते पायाने सावरावे तर सगळे यंत्र बाजूला सरके, आणि सरकणे थांबवावे तर खाली बसू लागे. एक दुरुस्त करावे तर तीन बिघडावीत, हा अनुभव मला संसारात होता; हवेत प्रथमच आला.

"माझ्याकडे," ती शांतपणे म्हणाली. रॉबिन्सनमध्ये मधल्या एकाच दांड्याला दोघांसाठी दोन मुठी असतात. तिने आपली मूठ धरताच क्षणात सगळे निवले. "तुमच्याकडे." पुन्हा झोकांडी. "माझ्याकडे." असे किती वेळा झाले, मी मोजले नाही.

विमान थांबले की पडते. नऊ हजार तास ज्याने वेगाच्या आधारावर जीव सांभाळला, त्याला आज एका जागी थांबायचे होते, आणि ते त्याला येत नव्हते. आणि हळूहळू माझ्या लक्षात आले की, दादाच्या चुका अडाण्याच्या चुका नव्हत्या. प्रत्येक चूक कुठेतरी बरोबर होती. त्या अज्ञानातून नव्हे, दुसऱ्या एका ज्ञानातून येत होत्या.

त्या झोक्यांतच मला माझा एक विद्यार्थी आठवला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात धुळ्याकडचा एक मुलगा होता. घरची बोली अहिराणी. त्याने आईवर निबंध लिहिला होता. त्यात मधूनच 'आईचा हात' ऐवजी 'मायना हात' आले होते, 'मला' ऐवजी 'माले' आले होते. मी लाल शाईने पाने रंगवली. मग वर्गात त्याला वाचायला उभे केले, तर 'डोळा'चा 'डोया' झाला. वर्ग हसला. खोटे कशाला बोलू, मीही हसलो. वर म्हणालो, "आधी मराठी शिकून या, मग मराठी विषय घ्या." अहिराणीत षष्ठीला 'ना' लागतो, चतुर्थीला 'ले' लागतो, 'ळ'चा 'य' होतो, हे मला एम.ए.ला असल्यापासून ठाऊक आहे. त्याच आठवड्यात मी बहिणाबाई चौधरींवर व्याख्यान दिले होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या खानदेशी बाईची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला, असे मी गहिवरून सांगितले होते. बोलीचे वैभव साडेदहाच्या तासाला आणि बोलीची थट्टा साडेअकराच्या! पुढच्या सत्रात त्या मुलाने मराठी सोडून अर्थशास्त्र घेतले. मी त्याची चौकशीही केली नाही.

कॅलिफोर्नियाच्या धुक्यात लोंबकळत असताना मी त्या पोरीच्या हातांकडे पाहू लागलो. दादा यंत्र हलवत होता तेव्हा तिचे दोन्ही हात कुठे होते? डावा मांडीवर, आणि उजवा आपल्या मुठीखाली, न शिवता, बोटभर अंतरावर. आम्ही इतके हेलकावत होतो की मी दोनदा देव आठवला. पण ती दरवेळी क्षणभर जास्तच थांबे. चूक पुरती होऊ देई आणि अपघात होऊ देत नसे. हसली तर एकदाही नाही.

"जवळ पाहू नका," ती म्हणाली. "दूर ती टेकडी आहे ना, तिच्याकडे पाहा. हात मांडीवर टेकवा. मूठ हलवू नका, हलवायचा नुसता विचार करा."

दादाने खांदे सैल सोडले. आम्ही थोडे डुललो. मग डुलणे कमी झाले. आणि पंधरा-वीस सेकंद, खरोखर, आम्ही हवेत उभे राहिलो. कोणी बोलले नाही.

खाली उतरलो तेव्हा दादाचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तो तिला म्हणाला, "मला आधी सगळं विसरावं लागेल."

"विसरू नका, कॅप्टन," ती म्हणाली. "उद्या तुम्हाला विमान चालवायचंय. फक्त कुठल्या खुर्चीत बसलो आहोत, तेवढं हाताला कळू द्या."

परतताना दादाने मला इगोर सिकॉर्स्कीची हकीकत सांगितली. तरुणपणी, १९०९-१० साली, रशियात त्याने दोन हेलिकॉप्टरे बनवली. ती नीट उडाली नाहीत. मग तो विमानांकडे वळला आणि त्यांत मोठे नाव मिळवले. १४ सप्टेंबर १९३९ रोजी, वयाच्या पन्नाशीत, अमेरिकेत आपण बनवलेल्या व्हीएस-३०० या एकाच माणसाच्या यंत्रात तो स्वतः बसला आणि यंत्र दोरांनी जखडलेले असताना काही सेकंद जमिनीवरून उचलला गेला. "त्याच्या शेजारी बसायला कोणी नव्हतं," दादा म्हणाला, "मला निदान ती होती."

जूनमध्ये परत आलो. कॉलेज उघडल्यावर तो मुलगा मला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटला. मला पाहून तो उठून उभा राहिला, आणि या आदराची मला लाज वाटली. मी म्हटले, "तुझा तो आईवरचा निबंध मला पुन्हा वाचायचाय."

"टाकून दिला, सर."

"मग पुन्हा लिहिशील?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग खाली पाहत म्हणाला, "कुठल्या मराठीत, सर?"

माझा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला होता. भोंगा वाजला होता आणि बोटभर हात सरकला होता, दादासारखाच. मी तो मागे घेतला.

"तू लिही तर," मी म्हटले. "मी शेजारी बसतो."

दादा आता एका जागी तब्बल तीन मिनिटे थांबू लागला आहे, असे वहिनींनी फोनवर सांगितले. त्या मुलाने मात्र दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत मला काही आणून दिलेले नाही. परवा वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "लिहितोय, सर." मी 'कधी देणार?' असे विचारले नाही. हात मांडीवर ठेवून बसायला मीही अजून शिकतोच आहे.