हौसेचे मोल

‘हौशी’ हा शब्द आम्ही दोघेही गेली अठरा-वीस वर्षे वर्गात वापरत आलो आहोत. राज्य नाट्यस्पर्धेविषयी बोलताना तो लागतो; फळ्यावर ‘हौशी रंगभूमी’ आणि ‘व्यावसायिक रंगभूमी’ असे दोन रकाने आखताना तर हटकून लागतो. अरबी-फारसीतल्या ‘हवस’पासून ‘हौस’ आली, वाटेत तिच्यातली वासना गळून पडली आणि निर्मळ आवड तेवढी उरली, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. इंग्रजी ‘ॲमॅच्युअर’च्या मुळाशी असलेला लॅटिन शब्दही ‘प्रेम करणारा’ या अर्थाचाच, हेही सांगतो. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहून देतात. मात्र त्या शब्दाचा दुसरा अर्धा भाग आम्हांला फार उशिरा कळला. तो थोडा स्कॉटलंडमध्ये कळला आणि थोडा दिवाळ्याच्या मासळीबाजारात. आणि तोही अशा एका खेळामुळे, ज्याचा दांडा आम्ही दोघांनी जन्मात हातात धरलेला नव्हता.

आमची पुतणी एडिंबऱ्याला संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते. त्याआधी ती काही वर्षे नेदरलँड्समध्ये होती आणि तेथेच तिला गोल्फचा नाद लागला. सुट्टीच्या दिवशी हौशी खेळाडूंच्या स्पर्धांत भाग घ्यायचा, त्यासाठी स्वस्तातले विमान पकडून कधी जर्मनी तर कधी स्पेन गाठायचे, असा तिचा गेल्या काही वर्षांचा क्रम. फोनवर ती हे सांगू लागली की आम्ही कौतुकाने ऐकत असू. खरे सांगायचे तर त्या कौतुकात थोडी फुशारकीही होती. शिक्षककक्षात चहा घेताना ‘आमची पुतणी युरोपात गोल्फच्या स्पर्धा खेळते’ हे वाक्य आम्ही दोघांनीही, एकमेकांच्या नकळत, निरनिराळ्या सहकाऱ्यांना ऐकवले होते.

२०२४च्या जूनमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो. भारताबाहेर पडण्याची आमची ती पहिलीच वेळ. दुसऱ्याच शनिवारी तिने आम्हांला एका स्पर्धेला नेले. "काका, तुम्ही ढकलगाडी ओढा; काकू, तुम्ही छत्री धरा; आणि मी चेंडू मारत असताना दोघांपैकी कोणीही बोलायचं नाही," एवढे तिचे नियम. चौघांच्या गटात तिच्याबरोबर एक निवृत्त टपालवाला, एक दंतवैद्य आणि एक शाळकरी मुलगा होता. चौघांच्या कौशल्यात जमीनअस्मानाचे अंतर होते, तरी ते एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध खेळत होते. हे कसे जमते, असे आम्ही विचारले, तेव्हा तिने हँडिकॅपची व्यवस्था समजावून सांगितली.

प्रत्येक खेळाडूच्या मागच्या खेळांवरून त्याचा एक आकडा ठरतो. जो जितका कच्चा, त्याचा आकडा तितका मोठा, आणि तेवढे जादा फटके त्याला माफ. २०२० सालापासून जगभरासाठी एकच पद्धत लागू होऊ लागली असून तीत हा आकडा जास्तीत जास्त ५४ असतो. गुण मोजण्याची स्टेबलफोर्ड पद्धतही अशीच दयाळू आहे. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या डॉक्टरांनी ती शोधली आणि १९३२ साली इंग्लंडमधल्या वॉलसीच्या मैदानावर ती रूढ झाली. एखाद्या होलवर खेळ पुरता फसला तर तेथे शून्य मिळते आणि माणूस पुढच्या होलकडे निघतो. झालेली नामुष्की त्याला बेरजेत दिवसभर वागवावी लागत नाही. अठरा होलांत छत्तीस गुण झाले की आपण आपल्या मगदुराप्रमाणे खेळलो, असा हिशेब. आमच्या पुतणीला त्या दिवशी एकतीस गुण मिळाले. शाळकरी मुलाला अडतीस मिळाले, आणि टपालवाल्याने त्याची पाठ थोपटली. माणसामाणसांतली असमानता इतक्या बारकाईने मोजून ती भरून काढणारा दुसरा खेळ आम्हांला ठाऊक नाही. परतताना आम्ही दोघेही त्या व्यवस्थेवर बेहद्द खूश होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आम्हांला मसलबऱ्याला घेऊन गेली. एडिंबऱ्याच्या पूर्वेला आठ-दहा किलोमीटरवर, समुद्राकाठी वसलेले हे गाव. त्याच्या नावातच शिंपले आहेत. तेथे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात नऊ होलांचे एक जुने गोल्फ मैदान आहे. १६७२ साली तेथे खेळ झाल्याची लेखी नोंद आहे, आणि १८७४ ते १८८९ या काळात ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा तेथे सहा वेळा भरली. पण पुतणीला आम्हांला सांगायची होती ती गोष्ट निराळी होती. "काकू, ही गोष्ट खास तुमच्या दिवाळ्याच्या मावशींसाठी," अशी प्रस्तावना करून तिने ती सांगितली.

मसलबऱ्याला लागूनच फिशररो हे कोळ्यांचे बंदर. तेथल्या कोळिणी पाठीवर मासळीची टोपली घेऊन एडिंबऱ्यापर्यंत पायी जात आणि मासळी विकून पायीच परतत. त्या परगण्याचे धर्मोपदेशक अलेक्झांडर कार्लाइल यांनी १७९०च्या दशकात आपल्या भागाचा जो वृत्तान्त लिहिला, त्यात या बायकांविषयी मजकूर आहे. त्या पुरुषांच्या बरोबरीने कष्ट करतात, त्यामुळे त्यांचे खेळही पुरुषी आहेत. सुट्टीच्या दिवशी त्या गोल्फ खेळतात. आणि वर्षातून एकदा विवाहित बायका विरुद्ध अविवाहित मुली असा फुटबॉलचा सामना होतो, त्यात विवाहित बायकाच जिंकतात, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. पुढे डिसेंबर १८१० मध्ये मसलबऱ्याच्या गोल्फ क्लबाने ठराव केला, की नव्या वर्षाच्या आरंभी कोळिणींचा जो सामना होईल, त्यात सर्वांत चांगले खेळणाऱ्या बाईला एक नवी टोपली आणि एक शाल द्यावी, शिवाय बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमालही द्यावेत. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानली जाते. म्हणजे युरोपात हौसेने स्पर्धा खेळणाऱ्या बायकांच्या परंपरेच्या उगमाशी कोणी सरदारकन्या नाही; तेथे मासळीच्या वासाच्या कोळिणी आहेत, आणि त्यांचे बक्षीस आहे मासळीचीच टोपली!

तेथल्या वाळूत उभे राहून आम्ही एका प्रश्नाशी अडलो. या बायकांना गोल्फ खेळता कसे आले? उत्तर पायांखालीच होते. स्कॉटलंडमध्ये अशा मैदानांना ‘लिंक्स’ म्हणतात. समुद्र आणि नांगरट यांच्यामधली, पीक न देणारी, वाळू-गवताची ही पट्टी. आपल्याकडच्या खाजणाची ही दूरची बहीण. येथे चिखल आणि तिवरे, तेथे वाळू आणि खुरटे गवत. पण शेताला निरुपयोगी आणि म्हणूनच साऱ्या गावाच्या वहिवाटीची जमीन, हे दोघींचे साम्य. सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांचा लिंक्सवर खेळण्याचा हक्क आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या १५५२च्या सनदेने मान्य केला होता. आजही तेथला प्रख्यात ओल्ड कोर्स रविवारी एरवी खेळासाठी बंद असतो आणि गावातली माणसे त्यावर फिरतात. जमीन सर्वांची होती, म्हणून खेळ सर्वांचा झाला.

मात्र खेळ वाढला तशी त्याला दारे बसली. हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा १८८५ साली इंग्लंडमधल्या हॉयलेकला सुरू झाली आणि लगेच पुढच्या वर्षी ‘हौशी कोणाला म्हणावे’ याची व्याख्या करावी लागली. बक्षिसाच्या पैशासाठी खेळणारा तीतून वगळला, हे समजण्याजोगे आहे. पण वयाची पंधरा वर्षे झाल्यावर ज्याने मजुरी घेऊन दुसऱ्याचे दांडे वाहिले, तोही वगळला गेला. म्हणजे प्रेम किती आहे, हे कोणी विचारले नाही. पोट कशावर भरतोस, एवढेच विचारले.

ही व्याख्या पुतणीने वाचून दाखवली तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही मनात एकाच वेळी एकच मुलगा आला होता.

आम्ही बेलापूरला राहतो. तेथून दिवाळे पायी दहा मिनिटांवर. एका अंगाला कचेऱ्यांच्या उंच इमारती, दुसऱ्या अंगाला खाडी, जेट्टी, ओढून ठेवलेल्या होड्या आणि सुकत घातलेली जाळी. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात गोळीबारात पाच माणसे गेली. आम्ही ज्या मावशींकडून मासळी घेतो, त्यांच्या बोलण्यात हा सगळा इतिहास कालवणातल्या आमसुलासारखा असतो. दिसत नाही, पण चव त्याचीच. त्यांचा धाकटा मुलगा आमचाच विद्यार्थी. मराठी विषय घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होता. सकाळी सात-वीसच्या तासाला तो क्वचितच दिसे. विचारले तेव्हा म्हणाला, "सर, पहाटे गोल्फच्या मैदानावर जातो. बॅगा उचलतो. मैदान बंद असतं त्या दिवशी आम्हांला खेळू देतात. मी बरा खेळतो, सर."

त्यावर आमच्यापैकी एकाने उत्तर दिले आणि दुसऱ्याने मान डोलावली. कोणी काय केले हे सांगण्यात अर्थ नाही. उत्तर असे होते: "हौस पुढे आयुष्यभर करता येईल. आधी पदवी पदरात पाड." तो काही बोलला नाही. फेब्रुवारीत, हजेरी कमी भरलेल्या मुलांच्या यादीत त्याचे नाव आम्हीच घातले. नियमाने ते बरोबरच होते. त्याचे एक वर्ष गेले. त्याच आठवड्यात शिक्षककक्षात आम्ही पुतणीच्या स्पेनच्या स्पर्धेविषयी सांगत होतो.

एकीचा गोल्फ ‘छंद’ आणि दुसऱ्याचा ‘उनाडपणा’ कसा झाला? खेळ तोच, मैदानावरचे गवतही बहुधा तसेच. शब्दांच्या छटा तपासणे हा आमचा पेशा. आणि हे दोन शब्द आम्ही एकाच तोंडाने उच्चारले होते. १८८६च्या व्याख्याकारांना नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार राहिला नव्हता. त्यांचा नियम तरी पुढे सुटला. १ जानेवारी २०२२ पासून तर हौशी खेळाडूला, हँडिकॅपची सूट नसलेल्या स्पर्धेत, हजार डॉलरपर्यंत रोख बक्षीसही घेता येते आणि प्रवासखर्चासाठी पुरस्कर्ताही मिळवता येतो. आमचा नियम मात्र मनात तसाच होता.

परतल्यावर, नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या, तेव्हा आम्ही मावशींना मसलबऱ्याच्या कोळिणींची गोष्ट सांगितली. टोपलीच्या बक्षिसाला त्या मनापासून हसल्या. विवाहित बायका जिंकत हे ऐकून तर त्यांनी शेजारच्या दोघींना हाक मारून पुन्हा सांगायला लावले. मग कोलंबीचा वाटा आमच्या पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, "मॅडम, त्यांची वालू त्यांची व्हती म्हनून त्या खेलल्या. आमची खाडी हाय. पन ती आमची हाय असा कागद कुटं हाय?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. नेरुळच्या पाणथळ जागेवर गोल्फचे मैदान आणि घरे बांधण्याचा बेत होता, त्याविरुद्ध नागरिक न्यायालयात गेले. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने बेत रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, हे आम्हांला वर्तमानपत्रांतून ठाऊक होते. तेथे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी आम्हीही एका निवेदनावर सह्या केल्या होत्या. पण या खाडीकाठी गोल्फ येणार असेल तर तो कोणाच्या जमिनीवर आणि कोणासाठी, हा प्रश्न त्या निवेदनात नव्हता. तो मावशींनी तराजू धुता धुता विचारला.

‘हौसेला मोल नाही’ असे आपण म्हणतो. हौस अमोल आहे, असा त्याचा अर्थ आम्ही शिकवत आलो. आता वाटते की ही म्हण ज्याने मोल आधीच चुकते केले आहे, त्याच्याच तोंडी शोभते. हौसेला मोकळी जमीन लागते, मोकळी वेळ लागते, आणि ‘हे काय वय आहे?’ असे न विचारणारी चार माणसे लागतात. फिशररोच्या कोळिणींना कष्टांतून मोजकाच वेळ मिळत असेल, पण उरलेल्या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. आमच्या पुतणीपाशी तिन्ही आहेत. मावशींच्या मुलापाशी आवड होती आणि आठवड्यातला एक बंद दिवस होता. तिसऱ्या गोष्टीच्या जागी आम्ही होतो.

तो गेल्या वर्षी पदवीधर झाला. पेढे घेऊन आला तेव्हा आम्ही गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि आधी त्याच्या खेळाविषयी विचारले. तो चकित झाला, मग बराच वेळ बोलला. त्याच्या बोलण्यात वारा होता, उतार होता, ओल्या गवतावरून चेंडू किती घरंगळतो याचे बारीक ज्ञान होते. निघताना आम्ही नव्यानेच शिकलेला प्रश्न मोठ्या ऐटीत विचारला, "तुझा हँडिकॅप किती?"

तो हसला. "सर, त्याला क्लबाचं कार्ड लागतं. माझा कोणी मोजलेलाच नाही."