ब्रेक कुठाय, बॉस?

‘सॅलरी क्रेडिटेड!’ या दोन शब्दांच्या एसएमएसइतकं रोमँटिक जगात दुसरं काही नाही, असं माझ्या नोकरदार मैत्रिणींचं ठाम मत आहे. मी पडले फ्रीलान्सर. मला हा मेसेज कधी पाच तारखेला येतो, कधी पंचवीसला, आणि कधी अकाउंट्समधला माणूस ‘मॅडम, प्रोसेसमध्ये आहे’ म्हणत अख्खे दोन महिने काढतो. वर दहा टक्के टीडीएस आधीच कापलेला. त्यामुळे आलेल्या पैशांकडे मी जरा जास्तच प्रेमाने बघते, आणि ते गेले की कुठल्या वाटेने गेले याचा माग काढते. सवय म्हणा, नाहीतर नाइलाज म्हणा.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं तेव्हा मी कॉलेजात होते. कँटीनवाल्या काकांचा अर्धा दिवस ‘सुट्टे द्या, सुट्टे द्या’ ओरडण्यात जायचा. आता ते काम त्यांच्या काउंटरवरचा स्पीकर करतो: ‘पंधरा रुपये प्राप्त हुए!’ रिक्षा, भाजी, लाइटबिल, मित्राच्या ट्रीटची कॉन्ट्री, सगळं अंगठ्याच्या एका हालचालीवर. ग्रेटच आहे! तक्रार नाही. फक्त कुठलंही नवं अ‍ॅप आलं की आपण एकच विचारतो, ‘वापरायला सोपं आहे ना?’ आणि माझं म्हणणं आहे की पैशांच्या बाबतीत हा प्रश्न अर्धाच आहे. बाइक घेताना पिकअप सगळेच विचारतात. पण सिंहगडाचा घाट उतरताना लागतो तो ब्रेक.

म्हणून गेल्या महिन्यात मी एक उद्योग केला. एका वहीत दोन रकाने आखले, ‘सुरू’ आणि ‘बंद’. माझ्या फोनमधली बँकेची, खरेदीची, हिशेबाची जेवढी अ‍ॅप्स आहेत, त्या प्रत्येकात एखादी गोष्ट सुरू करायला किती टॅप लागतात आणि तीच थांबवायला किती, हे मोजलं. वही भन्नाट निघाली!

आत दोन टॅप, बाहेर अकरा

एक मेंबरशिप घ्यायला लागले दोन टॅप. सोडायला अकरा! मध्ये ‘खरंच आमची साथ सोडताय?’ असं विचारणारा रडका चेहरा, मग अर्ध्या किमतीची ऑफर, मग ‘कारण सांगा’, आणि शेवटी जे ठळक रंगीत बटण होतं ते ‘मेंबर राहा’चं. ‘रद्द करा’ खाली, फिकट राखाडी अक्षरांत.

दुसऱ्या एका साइटवर ७९९ रुपयांचा कुर्ता. पैसे भरायच्या पानावर पोहोचेपर्यंत डिलिव्हरीचे ७९, प्लॅटफॉर्म फीचे १० आणि कसल्याशा हँडलिंगचे १९ धरून तो झाला ९०७ चा. शेजारी लाल अक्षरांत ‘फक्त २ शिल्लक’ आणि उलटं धावणारं घड्याळ. मी काही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तेव्हाही दोनच शिल्लक. तिसऱ्या दिवशीही दोनच. बिचारे कुर्ते!

या सगळ्याला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात आणि हा मार्केटिंगचा निरागस चावटपणा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात असे १३ प्रकार नावानिशी दिले. खोटी घाई लावणं, न विचारता बास्केटमध्ये वस्तू टाकणं, किंमत शेवटच्या पानावर फुगवणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं, मेंबरशिपच्या सापळ्यात अडकवणं, सगळं त्यात आहे. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटींना मनाई केली होती. तरी इन्शुरन्सची ती टिक आजही कुठे ना कुठे भेटतेच.

त्याच २०२० च्या नियमांत एक कामाची गोष्ट आहे. प्रत्येक शॉपिंग साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. मी परत केलेल्या सँडल्सचे १,२९९ रुपये बँकेत येण्याऐवजी त्या साइटच्याच वॉलेटमध्ये जाऊन बसले, म्हणजे पुन्हा तिथेच खर्च करा! कस्टमर केअरच्या चॅटवर तासभर ‘वुई अंडरस्टँड युअर कन्सर्न’ ऐकलं. मग साइटच्या अगदी तळाशी त्या अधिकाऱ्याचा ईमेल सापडला. ऑर्डर नंबर आणि स्क्रीनशॉट जोडून चार ओळी लिहिल्या. सहाव्या दिवशी पैसे बँकेत. नसते आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ होतीच.

वाण्याची वही

लहानपणी आमच्या मिरजेच्या घरी महिन्याचं सामान वाण्याकडून उधारीवर यायचं. लाल कापडी बांधणीची वही. आकडा जरा वाढला की काका वहीवरून मान वर करून म्हणायचे, ‘वहिनी, आधी मागचं बघा की.’ आईला राग यायचा, पण पुढच्या आठवड्यात मागचं चुकतं व्हायचं. आता विचार केला की वाटतं, त्या वहीला ब्रेक होता. आणि तो काकांच्या तोंडात होता.

क्रेडिट कार्डाचं अ‍ॅप बरोबर उलटं वागतं. उधारी वाढली की ते म्हणतं, ‘अभिनंदन! तुमची लिमिट वाढवायची?’ आणि बिलाच्या दिवशी सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो ‘मिनिमम ड्यू’. त्याचा हिशेब एकदा कागदावर करूनच बघा. समजा, बिल ४०,००० चं आहे, मिनिमम ड्यू ५ टक्के म्हणजे २,००० रुपये आणि व्याज महिना साडेतीन टक्के. अनेक कार्डांवर ते साधारण एवढं असतंच. महिन्याचं व्याज झालं १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२. म्हणजे तुम्ही भरलेल्या २,००० पैकी १,६५२ रुपये व्याजात आणि टॅक्समध्ये गेले. उधारी कमी झाली फक्त ३४८ रुपयांनी! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून माझ्या फोनवर पूर्ण बिलाची ऑटो-पेमेंट सूचना आहे. तेवढे पैसे नसतील, तर कार्ड पर्समधून बाहेरच येत नाही.

‘नो-कॉस्ट ईएमआय’चा फंडाही असाच. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. होतं असं की दुकान तुम्हाला व्याजाएवढी सूट देतं आणि बँक ते व्याज घेते. ३०,००० चा फोन, पाच हजारांचे सहा हप्ते. वर्षाला १६ टक्के दर धरला तर त्यात साधारण १,३५० रुपये व्याज असतं. सूट मिळाली, ठीक. पण त्या व्याजावरचा जीएसटी साधारण २४३ रुपये, आणि प्रोसेसिंग फी १९९ असेल तर टॅक्ससकट २३५. ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट झाली पावणेपाचशेच्या वर. शिवाय रोख भरणाऱ्याला तीच सूट मिळत असेल, तर तुमचे तेही गेले. घेऊ नका असं मी म्हणत नाही. आकडा माहीत असू द्या, एवढंच.

हिशेबाची फुकट अ‍ॅप्सही वहीत आली. त्यातल्या एकाने माझे सगळे एसएमएस वाचले, ‘तुम्ही या महिन्यात बाहेर खाण्यावर जास्त खर्च केलात’ असं प्रेमाने सांगितलं आणि खालीच दोन लाखांच्या प्री-अप्रूव्ह्ड लोनचं बटण दिलं. खर्च कमी करायला आलेल्या माणसाला कर्ज! तेव्हापासून फुकट अ‍ॅप दिसलं की मी आधी विचारते, याचं पोट कशावर भरतं? सध्या माझा सगळा हिशेब एका साध्या एक्सेल शीटमध्ये आहे. चेक आला की तीन वाटण्या: टॅक्स, भाडं-बिलं, आणि उरलेलं माझं.

ब्रेक असतात, पण शोधावे लागतात

आता चांगली बातमी. बँकांच्या अ‍ॅपमध्ये ब्रेक आहेत. फक्त होम स्क्रीनवर लोन आणि ऑफर नाचत असतात, त्यामुळे ते दिसत नाहीत.

एक, कार्डाचे स्विच. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने बँकांना हे द्यायला लावलं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार तुम्ही वेगवेगळे चालू-बंद करू शकता, प्रत्येकाची मर्यादा ठरवू शकता. माझा परदेशी व्यवहारांचा स्विच कायम बंद, ऑनलाइनची मर्यादा १०,०००. मोठी खरेदी असेल तर पाच मिनिटांसाठी वाढवते. त्या पाच मिनिटांत निम्म्या वेळा खरेदीचा मूडच जातो, हा बोनस!

दोन, ऑटोपे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येणं बंधनकारक झालं. तो एसएमएस आपण बघत नाही, हा वेगळा मुद्दा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ नावाच्या पानावर तुमच्या सगळ्या परवानग्यांची यादी असते. ते पान एकदा तरी उघडा. एका मैत्रिणीच्या यादीत तिने दीड वर्षापूर्वी सोडलेली जिम होती!

तीन, यूपीआय लाइट. चहा, वडापाव, पार्किंग अशा किरकोळ खर्चासाठी त्यात थोडे पैसे टाकून ठेवायचे. पिन लागत नाही आणि त्यात ५,००० च्या वर पैसे राहतच नाहीत. मी आठवड्याला हजार टाकते. संपले की संपले, मग डबा!

आईचा प्रश्न

हे सगळं मोजायची घाई मला माझ्यासाठी नव्हती. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. आईची फॅमिली पेन्शन आणि बाबांचा फंड, एवढीच तिची पुंजी. दिवाळीला ती म्हणाली, ‘मलाही ते फोनवर करून दे गं. भाजीवालीसुद्धा आता कोडच पुढे करते.’ माझ्या पोटात गोळा आला. माझे पाचशे गेले तर मी एक लेख जास्त लिहीन. तिचे गेले तर ते पुन्हा कमावणारं माणूस घरात नाही.

आम्ही शेवटी असं केलं. एक वेगळं बचत खातं, आणि यूपीआयला जोडलंय ते फक्त तेच. पेन्शनच्या खात्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम त्यात येते. मोठे पैसे एफडीत, आणि ती मोडायला शाखेतच जायचं, असं तिनेच ठरवलं. पैसे ‘घ्यायला’ कधीच पिन लागत नाही, हे तिच्याकडून पाठ करून घेतलं. बँकेच्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का, ते बघायला शिकवलं.

सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, ‘ते ठीक आहे गं. पण काही बिनसलं तर विचारायचं कुणाला?’

एवढ्या रकान्यांत हा रकानाच नव्हता! मग मी दोन बँकांच्या हेल्पलाइनला घड्याळ लावून फोन केले. एकीकडे चौदा मिनिटं ‘एक दाबा, चार दाबा’. दुसरीकडे चौथ्या मिनिटाला मराठी बोलणारं माणूस. खातं दुसरीकडे उघडलं, कॅशबॅक पहिलीकडे असूनही.

फसवणुकीत हीच मिनिटं महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये नियम केला. त्यात म्हटलंय, चूक ना तुमची ना बँकेची, ती तिसऱ्याच कुणाची आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, पण कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून आधी फोन, रडणं-बिडणं नंतर. आईच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवलाय: बँकेचा नंबर, शाखेचा नंबर आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३०. मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येतील असे.

तर मंडळी, येत्या रविवारी पोहे खाऊन झाले की अर्धा तास काढा. फोनमधलं पैशांचं एकेक अ‍ॅप उघडा आणि बघा, पैसे थांबवायचं बटण कुठाय, मर्यादा कुठे लावायची, रद्द कुठे करायचं, आणि बिनसलं तर माणूस कुठे भेटेल. जिथे सापडेल ते अ‍ॅप ठेवा. जिथे नाहीच सापडणार, तिथे तुमचं कार्ड सेव्ह करून ठेवायची काय गरज आहे?

आणि हो, कुणाला मेंबरशिप सोडायला अकरापेक्षा जास्त टॅप लागले तर जरूर कळवा. सध्या तरी रेकॉर्ड माझ्याच नावावर आहे!