आमच्यातला खोत

वैशाखी पौर्णिमेच्या तयारीसाठी वाडीची बैठक होती. आम्ही बी. कॉम., त्यात कचेरीत कारकून. म्हणून विहाराची किल्ली आणि जमाखर्चाची वही अकरा वर्षे आमच्याकडेच. आम्ही वाचायचे, बाकीच्यांनी हात वर करायचे, अशी रीत. यंदा बारावीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "काका, वही आमका कधी दाखवतलात?"

आम्ही ताडकन म्हणालो, "आमच्यावर विश्वास नाय?" मुलगी खाली बसली.

घरी आईने ताट वाढले आणि एवढेच म्हणाली, "तुझ्या आज्याक खोत असोच बोलायचो."

आजा खोताच्या जमिनीवर कूळ होता. भात मोजून घालायचे, वर वेठीने नांगर धरायचा. पावती मागायची हिंमत नव्हती. आपला जिल्हा तेव्हा रत्नागिरीतच होता. ही खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी विधिमंडळावर नेला. कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले, की राजकारणातली व्यक्तिपूजा देशाला हुकूमशाहीकडे नेते. लोकशाही आपल्याला परकी नाही, हेही त्यांनी सांगितले. भिक्खू संघाच्या सभेत ठराव होता, गणसंख्या होती, मतमोजणी होती. विनयपिटकात मतासाठी रंगीत शलाका सांगितल्या आहेत. त्या गोळा करणारा भिक्खू आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी जाणारा नसावा, असा नियम आहे.

आमच्या मनात भयच होते. वहीत अफरातफर नव्हती, पण दोन वर्षांच्या काही पावत्या आम्ही हरवल्या होत्या. कुणी विचारू नये, म्हणून आम्ही आवाज चढवला. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असून आम्ही हे केले.

पुढच्या रविवारी वही विहारात नेली आणि त्या मुलीच्याच हातात दिली. तिने ओळ न् ओळ मोठ्याने वाचली. ६४० रुपयांचा मेळ बसेना. ते आम्ही खिशातून भरले आणि सर्वांसमोर चूक कबूल केली. मग चिठ्ठ्या टाकून खजिनदार निवडला. अंगणवाडीत काम करणारी एक ताई निवडून आली. आम्हाला नऊच मते पडली. खोटे कशाला सांगावे, रात्री झोप लागली नाही.

पण आता दर पौर्णिमेला हिशेब वाचला जातो, आणि बायका प्रश्न विचारतात. बंधू-भगिनींनो, तुमच्या विहाराची वही कुणाकडे आहे? येत्या पौर्णिमेला ती मागा. आणि ती तुमच्याकडेच असेल, तर मागण्याआधी पुढे ठेवा.

जयभीम.