दान आणि सोंगटी

मोबाइलवरच्या खेळांबद्दल आमच्या घराण्यात एकमत आहे. (घराण्यात एकमत असलेली ती बहुधा एकमेव गोष्ट असावी.) हे खेळ म्हणजे वेळेची नासाडी, डोळ्यांची वाट, आणि माणूस शेजारी बसलेला असताना त्याच्याशी न बोलण्याची सोय, हे ते मत. नोकियाच्या फोनवरचा साप खेळायचे तेव्हा ऐकलं, कॉम्प्युटरवर सॉलिटेअर लावायचे तेव्हा ऐकलं. कँडी क्रशच्या वेळी तर आईकडून रोज ऐकलं, आणि सहा महिन्यांनी आईच माझ्या शंभर पायऱ्या पुढे निघून गेली. असो.

आज मला एका खेळाची बाजू घ्यायची आहे. विषय घरचा आणि थोडा नाजूक आहे, म्हणून ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या दोघांना आधी विचारलं. बाबांनी एका अटीवर परवानगी दिली, की एकूण किती डाव कोण जिंकलं ते लिहायचं नाही. दादाकाकांचीही एकच अट होती, की ते लिहायचंच. तेव्हा तो आकडा मी गाळतेय, आणि सुज्ञांना काय ते कळलं असेलच :)

बाबा आणि दादाकाका, म्हणजे माझे थोरले काका, 2014 पासून एकमेकांशी बोलत नव्हते. कारण तेच, जे कोकणातल्या दर दुसऱ्या घरात असतं. दापोली तालुक्यातलं आमचं घर, भोवतीची थोडी आंब्याची आणि पोफळीची झाडं, आणि सातबाऱ्यावरची नावं. आजी गेल्यावर बाबांचं म्हणणं पडलं की आता तिथे कोणी राहत नाही, विकून मोकळं होऊ. दादाकाकांचं म्हणणं, राहू दे, निदान मे महिन्यात सगळे जमतील. भांडण असं झालंच नाही. एकदा थोडे आवाज चढले, आणि मग नुसतं बोलणं थांबलं. आवाज चढलेलं भांडण एक वेळ मिटतं, पण थांबलेलं बोलणं कुठून सुरू करायचं हे कुणालाच माहीत नसतं. लग्नकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसायचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या घरच्या ग्रुपवर दोघंही होते, दोघंही रोज सकाळी फुलांचे फोटो टाकायचे, आणि एकाच्या फुलाला दुसऱ्याने सहा वर्षांत कधी नमस्कार केला नाही.

मग 25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली. बाबा कोथरूडला, दादाकाका डोंबिवलीला, आत्या सांगलीला, आणि दादाकाकांचा मुलगा न्यू जर्सीला. डीडी भारतीवर जुनं महाभारत पुन्हा सुरू झालं होतं आणि बाबा ते न चुकता बघत. भाऊबंदकी, वाटणी, फासे... आई एकदाच म्हणाली, "घरात एक चालू असताना टीव्हीवर आणखी कशाला?"

त्या दिवसांत सगळ्या देशाने जो खेळ उतरवून घेतला तो म्हणजे लुडो किंग. तो 2016 मध्ये मुंबईच्याच एका कंपनीने आणला होता, पण घरोघरी पोचला तो टाळेबंदीत. त्यात एक खोली उघडता येते, तिचा कोड मिळतो, आणि तो ज्यांना पाठवाल ते येऊन खेळू शकतात. आमच्याकडे हे शोधून काढलं बहात्तर वर्षांच्या आत्याने! तिच्या नातवाने तिला शिकवलं आणि तिने रात्री साडेनऊला तो कोड सरळ घरच्या ग्रुपवर टाकून दिला, "या खेळायला" एवढंच लिहून. तिने हे मुद्दाम केलं की सहज, हे ती अजून सांगत नाही. साडेनऊ ही वेळ मात्र विचार करून ठरवलेली होती, कारण न्यू जर्सीला तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात आणि चुलतभावाची जेवणाची सुट्टी असते.

खोलीत चार जणांना जागा होती, आणि पहिले चार आले ते हेच चार. आमच्या मंडळींनी नावं वगैरे कुठली टाकलेली? सगळे नुसते 'गेस्ट' आणि पुढे आकडे. लाल कोण, हिरवा कोण, काही पत्ता नाही. मी बाबांच्या खुर्चीमागे उभी होते. पहिला डाव झाला, दुसरा अर्धा झाला, आणि बाबा एकदम थांबले. फासा त्यांच्याकडे आलेला, वेळ संपत आलेली.

"हा हिरवा दादा आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"सहा पडला की चालत्या सोंगटीला हात लावत नाही. आधी घरातली बाहेर काढतो. चौघींना बरोबर घेतल्याशिवाय हलायचंच नाही त्याला. लहानपणापासून असाच."

दापोलीच्या घराच्या ओटीवर खडूने पट आखून ही भावंडं चल्लस आठ खेळायची. चिंचोके घासून एक बाजू पांढरी करायची, तेच त्यांचे फासे. तो खेळ आणि हा खेळ एक नव्हे, नियम वेगळे, घरं वेगळी. पण माणूस तोच. बाबांची स्वतःची तऱ्हा त्याच्या अगदी उलटी, एकच सोंगटी घ्यायची आणि ती सुसाट घरी पोचवायची, बाकीच्यांचं नंतर बघू. आत्या स्वतःचा डाव बुडाला तरी चालेल, पण समोर दिसेल त्याला मारणार. (घराचं विकायचं की ठेवायचं, ह्यावर कोणाचं काय मत होतं ते वर आलंच आहे. मी काही बोलत नाही.)

मला वाटलं, आता बाबा फोन ठेवून देणार. त्यांनी फासा टाकला. तीन पडले. खेळ पुढे सुरू राहिला, आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला पाच मिनिटं कमी असतानाच ते चष्मा पुसून बसले.

हे का जमलं, ह्याचा मी नंतर बराच विचार केला. एक कारण असं, की ह्या खेळात बोलावं लागत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ओटीवरच्या खेळात अर्धा वेळ भांडणात जायचा. चिंचोका जात्याला अडकला, ते दान धरायचं का? मुठीत धरून नुसतेच सोडलेस, नीट टाक. फोनवरचा फासा कोणाच्याच हातात नसतो. दान टाकणाऱ्यावर संशय घ्यायला जागाच उरत नाही. ज्या दोन माणसांमध्ये विश्वास ह्या शब्दाचा प्रश्न होता, त्यांना अशी एक जागा मिळाली जिथे एकमेकांवर विश्वास ठेवायची गरजच नव्हती.

अर्थात संशय घेतला गेलाच, पण तो मोबाइलवर. "मला मुद्दाम सहा देत नाही हा," असं रोज कोणीतरी म्हणायचं. म्हणून एकदा कागद घेऊन बसले. एका फाशात सहा पडण्याची शक्यता सहात एक. पहिल्या दहा फाशांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता शंभरात सुमारे सोळा. हे एका माणसाचं झालं. खेळणारे चार असतील, तर त्यांतल्या निदान एकाला पहिल्या दहा फाशांत सहा मिळणार नाही, ह्याची शक्यता जवळजवळ निम्मी येते! म्हणजे दर दोन डावांमागे एका डावात कोणीतरी घरात अडकून तळमळत बसणारच, आणि त्याला वाटणारच की जग आपल्याविरुद्ध आहे. फाशाला मागचं काही आठवत नसतं. नऊ वेळा सहा पडला नाही म्हणून दहाव्यांदा त्याला दया येत नाही. आठवणी ठेवतो तो माणूस. हे गणित मी आत्याला फोनवर समजावलं. ती म्हणाली, "ते सगळं बरोबर असेल गं, पण माझ्यावर त्याचा राग आहे."

मुद्द्याची गोष्ट घडली ती एप्रिलच्या शेवटी. बाबांच्या तीन सोंगट्या घरी पोचल्या होत्या, चौथी घरच्या वाटेला लागायला दोन घरं कमी. तिच्यामागे बरोबर चार घरांवर दादाकाकांची सोंगटी. आणि दादाकाकांना चार पडले. आम्ही श्वास धरला. मारली असती तर बाबांची सोंगटी परत पहिल्यापासून सुरू. दादाकाकांनी दुसरीच एक सोंगटी, कुठली तरी मागची, चार घरं पुढे सरकवली.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला दिसली नसेल."

आतून आईचा आवाज आला, "मोतीबिंदू काढून वर्ष झालं त्यांचा. न दिसायला काय झालं?"

बाबा तो डाव जिंकले. जिंकल्यावर हिरव्याकडून एक हसरी स्मायली आली. बाबांना स्मायली पाठवता येत नव्हती, ती त्यांनी मला विचारून त्या रात्री शिकून घेतली.

माझ्या मते ह्या खेळात दोनच गोष्टी आहेत. दान पडतं ते आपल्या हातात नाही. पडलेल्या दानावर कुठली सोंगटी हलवायची, ते मात्र पूर्ण आपल्या हातात. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत. म्हणजे देवांनाही हा खेळ सुटला नाही, आणि महाभारतातल्यांना तर तो चांगलाच भोवला. त्यामुळे फासे माणसांना जोडतात असं काही मी म्हणणार नाही. फासे काहीच करत नाहीत. पण समोरची सोंगटी मारता येत असताना न मारण्याची एक संधी ते अधूनमधून देतात, आणि ती कोणी घेतली तर ते समोरच्याला दिसतं. बोलून दाखवायची गरज राहत नाही. फुलांच्या फोटोत ही सोय नव्हती.

नंतर 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्याची दाणादाण उडवून गेलं. वीज गेली, फोन गेले. आमच्या घराची काही खबर नाही. त्या रात्री आत्याने कोड टाकला नाही. पुढे शेजाऱ्यांचा निरोप पोचला, की अर्ध्याहून अधिक कौलं उडाली, मागची पडवी बसली, पोफळी आडव्या झाल्या आणि विहिरीजवळचा आंबा मुळासकट गेला. पाऊस तोंडावर आलेला.

बाबांनी फोन उचलला आणि डोंबिवलीचा नंबर लावला. सहा वर्षांत न लावलेला नंबर त्यांना पाठ होता. पलीकडून "हॅलो" आल्यावर ते म्हणाले, "दादा, कौलं किती लागतील रे?"

बस, एवढंच. कसा आहेस नाही, झालं गेलं विसर नाही. मग पुढे पाऊण तास कौलं, कोने, वासे, सुतार कोण मिळेल, सिमेंटचे पत्रे घालावेत का (दादाकाका: अजिबात नाही), प्रवासाचा पास मिळेल का. ते दोन महिने रोज रात्री एकमेकांच्या सोंगट्या मारत आणि सोडत बसले नसते, तर बाबांनी तो फोन लावला असता का? मला नाही वाटत. निरोप आत्याकरवी गेला असता, आणि पैसे बँकेतून.

सगळं गोड झालं असं समजू नका. घर अजून तसंच आहे, दोघांच्या नावावर, आणि विकायचं की ठेवायचं ह्यावर दोघांचं मत आजही 2014 मधलंच आहे. फरक इतकाच, की आता ते एकमेकांना ऐकवतात, फोनवर, मोठ्याने, आणि मग जेवलास का विचारतात. कौलांचा खर्च निम्मा निम्मा झाला. पडवी तेवढी राहिली आहे.

आणि मोबाइलवरचे खेळ ही वेळेची नासाडी आहे, हे घराण्याचं मत कायम आहे. परवाच बाबांनी मला ते ऐकवलं. मी फक्त विचारलं, वर मान न करता कोणाशी खेळताय? तर म्हणाले, थांब, दादाची पाळी आहे.