पडद्यामागून पाहिलेला मोगली

दिल्लीतील विनयनगर या वसाहतीचे नाव पुढे सरोजिनीनगर झाले, आणि आता तर तेथील जुने सरकारी क्वार्टर जमीनदोस्त होऊन त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि माझ्या स्मरणातील विनयनगर हे अद्यापि दुमजली, पिवळ्या चुन्याचे, सकाळी साडेनऊ वाजता शेकडो सायकली एकाच वेळी सचिवालयाच्या दिशेने सोडणारे आणि संध्याकाळी त्याच सायकली दमून परत घेणारे असे गाव आहे. त्या गावात आम्हा मराठी कुटुंबांचा एक छोटासा गणेशोत्सव होत असे. १९६१ साली, मी दहा वर्षांचा असताना, मंडळाच्या चिटणीसांनी कीर्तनकाराच्या बिदागीतून वाचलेल्या पैशांत एक इंग्रजी चित्रपट भाड्याने आणण्याची दरखास्त मांडली, आणि कारकुनांच्या मंडळात कोणत्याही दरखास्तीला जितका विरोध व्हावा तितका होऊन ती अखेर मंजूर झाली. चित्रपट होता ‘जंगल बुक’. १९४२ सालचा, रंगीत, झोल्टान कोर्डा या हंगेरियन दिग्दर्शकाने अमेरिकेत काढलेला, आणि मोगलीच्या भूमिकेत म्हैसूर संस्थानातील एका माहुताचा मुलगा साबू.

आमच्या घरी या चित्रपटाविषयी जे औत्सुक्य होते त्याचे कारण साबू नव्हता, कोर्डा तर नव्हताच नव्हता. आमचे मूळ गाव पवनी, भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठचे. आणि किपलिंगसाहेबाने मोगलीला ज्या नदीच्या पाण्यावर वाढविले ती त्याच्या पुस्तकात शिवनीच्या डोंगरातून वाहणारी वैनगंगाच आहे, हे वर्तमान नागपूरहून आलेल्या मामांनी आठवडाभर आधी घरात प्रसृत करून ठेवले होते. मामा जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शिवनी मध्य प्रदेशात राहिली, भंडारा मुंबई राज्यात आला आणि नागपूरची राजधानी गेली, याचा त्यांना झालेला क्लेश इतका ताजा होता की, मोगलीदेखील आता आपला राहिला नाही असे ते गंभीरपणे म्हणत. आजीला हे सर्व राजकारण कळत नसे. तिला एवढेच कळले की, आपल्या नदीचे चित्र येणार आहे. तिने त्या दिवशी लुगडे बदलले.

मैदानात दोन बांबूंच्या मध्ये शुभ्र चादर ताणून बांधली होती. समोरची जागा खुर्च्यांनी, आणि खुर्च्या हुद्द्यांप्रमाणे व्यापल्या गेल्यामुळे आजी, आई आणि निम्म्याहून अधिक बायकापोरे चादरीच्या मागच्या बाजूला सतरंज्या टाकून बसली. तेथूनही चित्र तितकेच स्वच्छ दिसे. फक्त उलटे, म्हणजे डावीकडचे उजवीकडे. मी या दोन्ही मुलखांत मुक्तपणे ये-जा करीत होतो. रीळ बदलण्यासाठी यंत्र थांबे तेव्हा दोन्ही बाजूंकडून अभिप्रायांचा कल्लोळ उठे, आणि त्या कल्लोळात मी जे ऐकले त्याची सर चित्रपटालाही आली नाही, हे माझे आजचे प्रामाणिक मत आहे.

पहिला आक्षेप आजीचा. “आपल्या नदीकाठचं पोट्टं, अन् इंग्रजी काहून बोलते बापा?” हा प्रश्न तिने इतक्या मोठ्याने विचारला की, तो चादरीतून पलीकडे गेला. भाषांतराचे काम माझ्या वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे होते. पण अण्णांचे सारे आयुष्य मसुदे आणि टिपणे यांत गेल्यामुळे त्यांचे भाषांतर खात्याच्या वळणाचे होई, आणि अजगर मोगलीला काही सांगू लागला की, सदर सर्प उक्त बालकास वाघासंबंधी इशारा देत आहे, असा खुलासा पुढच्या खुर्च्यांवरून मागे पोहोचे. आजीचा दुसरा प्रश्न अधिक मूलगामी होता. लांडगिणीने वाढवलेल्या मुलाचे गोत्र कोणते? याचे उत्तर पुढच्या बाजूकडून आले नाही.

मामा मात्र चित्रपटाकडे जंगलाचा पंचनामा करावा तसे पाहत होते. त्यांचे पहिले टिपण वेलींविषयी: शिवनीचे रान सागाचे, उन्हाळ्यात पाने गाळून उघडे पडणारे, ही हिरवीगच्च दाटी कोणत्या मुलखातली? त्यांचा संशय रास्त होता, कारण चित्रीकरण कॅलिफोर्नियात झाले होते. पण त्यांची खरी फिर्याद चित्रपटावर नव्हे, लेखकावर होती. किपलिंग मुंबईत जन्मला, पण शिवनीला कधी पाऊल न टाकता, अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या बर्फात बसून त्याने १८९४ मध्ये हे पुस्तक सिद्ध केले. आणि शिवनीचे रान ज्याच्या पुस्तकाने आधीच इंग्रजीत नेले होते तो स्टर्नडेल – ‘सिओनी’ या नावाचा त्याचा ग्रंथ १८७७ चा – त्याचे नाव आज कोणी घेत नाही. “जो तिथे राहिला त्याला कोणी ओळखत नाही आणि जो गेला नाही त्याच्या नावाचा डंका,” असे ते म्हणत. यात स्टर्नडेलइतकेच ते स्वतःविषयीही बोलत असावेत असे मला आता वाटते. बघीरा आला तेव्हा त्यांनी अंतिम निर्णय दिला: तीस वर्षांच्या नोकरीत आपण शेकडो बिबटे पाहिले, काळा एकही नाही, सबब हे पात्र खोटे. (त्यांच्या पश्चात अनेक वर्षांनी पेंचच्या जंगलात काळा बिबट्या दिसला आणि त्याची छायाचित्रेही प्रसिद्ध झाली. ती पाहण्यास मामा असते तर त्यांनी बिबट्याचीच चूक काढली असती.)

चित्रपटात तीन गावकरी मोगलीच्या पाळतीवर राहून एका उद्ध्वस्त नगरातील खजिन्यापर्यंत पोहोचतात आणि मग त्या द्रव्यापायी एकमेकांच्याच जिवावर उठतात. या प्रसंगावर आमच्या शाळेचे संस्कृतचे गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले. वेदब्भ जातकात हीच कथा आहे, असे त्यांनी रीळ बदलताना सर्वांना ऐकविले: मंत्रबळाने रत्नांचा वर्षाव करणारा ब्राह्मण, त्या धनासाठी परस्परांना कापून काढणारे चोर, आणि उरलेल्या दोघांपैकी एकाने भातात विष कालवलेले तर दुसऱ्याने म्यानातून तलवार उपसलेली, शेवटी धन तसेच पडून आणि दोघेही मेलेले. हीच गोष्ट चॉसरपर्यंत गेली आहे, असेही त्यांनी सांगितले. साहेबाने आमचेच घर फोडून आमचाच माल आम्हाला तिकीट लावून दाखविला, या त्यांच्या निष्कर्षाला टाळ्या पडल्या. तिकीट नव्हते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

अण्णांचे मत सर्वांत शेवटी आले आणि तेच मला आयुष्यभर पुरले. चित्रपट सांगतो तो म्हातारा बुलदेव; बाजारात बसून, चार नाणी घेऊन, एका मडमेला तो आपल्या तरुणपणची हकीकत ऐकवितो, आणि त्या हकिकतीत खजिन्याचा लोभ त्याचाच, मोगलीवर किटाळ त्याचेच आणि जंगलाला लावलेली, पुढे गावाकडे वळलेली आगही त्याचीच. रात्री घरी परतताना सायकल हातात धरून चालत असलेले अण्णा म्हणाले, “आरोपीच्याच जबानीवर सगळा निकाल. पण जबानी खरी दिली आहे हो. कचेरीत इतकी खरी जबानी मी एकदाही वाचली नाही.”

मतभेदांचा हा सर्व पसारा दुसऱ्या दिवशी नळावरच विरून गेला असता. पण एक तंटा मात्र कायमचा राहिला. पुस्तकातला लंगडा शेरखान म्हशींच्या कळपाखाली तुडविला जातो. चित्रपटात त्याला मोगली पाण्यात गाठून सुरीने मारतो. आजी म्हणे, पोराने वाघ डाव्या हाताने मारला. अण्णा म्हणत, उजव्या. चादरीच्या दोन बाजूंची ही गोष्ट आहे हे आम्ही पोरांनी तिला समजावून पाहिले. पण आपण पाहिले ते उलटे होते, हे मान्य करण्याचे तिला काही कारण दिसेना. “म्या पायलं ना माह्या डोयानं!” त्या वसाहतीतल्या अर्ध्या बायका तिच्या बाजूच्या साक्षीदार होत्या. १९६३ च्या डिसेंबरात, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी साबू वारल्याची बातमी अण्णांनी वाचून दाखविली तेव्हा आजी हळहळली आणि म्हणाली, “डावखुरा होता बिचारा.”

गणेशोत्सवातल्या त्या खेळानंतर पंचावन्न वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, नव्या ‘जंगल बुक’चा हिंदी अवतार आम्ही नोएडाच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला, शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरला, आणि इंदिरापुरमच्या आमच्या सोसायटीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्या भरात मी माझ्या नातीला आणि तिच्या मैत्रिणींना जुना चित्रपट दाखवायला बसविले. त्यांचे अभिप्राय ऐकताना मला आमची वसाहत आठवत राहिली, कारण येथेही प्रत्येक परीक्षक आपापला पुरावा बरोबर घेऊन आला होता. अजगर लबाड नाही, मोगलीचा मित्र आहे, हे मुलींना मुळीच पटेना. मूळ पुस्तकात तो मित्रच आहे आणि वानरांचा राजा लुई तर पुस्तकात नाहीच, हे मी सांगताच त्यांनी माझ्याकडे, आपण आजोबांकडून काय ऐकतो आहोत अशा चेहऱ्याने पाहिले. अजगर रबराचा आहे हे त्यांनी पहिल्या क्षणी ओळखले. वाघ मात्र खरा, जिवंत, चार पायांनी चालणारा वाघ आहे, यावर एकीचाही विश्वास बसेना, “एवढा खरा कसा दिसेल?” असे त्यांचे म्हणणे. १९६१ साली आम्ही रबराच्या अजगराला हात जोडले होते.

माझी सून दिल्लीची, पंजाबी घरातली. ती स्वयंपाकघराच्या दारातून दहा मिनिटे पाहून म्हणाली, “पापा, ये सब तो रंगे हुए गोरे हैं!” प्रमुख पात्रांत साबू वगळता सर्व मंडळी खरोखरच तोंडाला रंग फासलेली होती, बुलदेव, न्हावी, पंडित, मोगलीची आईसुद्धा. माझ्या मनात आले की, विनयनगरात इतक्या चिकित्सक मंडळींनी वेलींपासून गोत्रापर्यंत सर्व तपासले. ही गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही, की आली असूनही चौदा वर्षांपूर्वीपर्यंतचा साहेबी अंमल आठवून ती बोलण्यासारखी वाटली नाही?

डाव्या-उजव्याच्या तंट्याची हकीकत मी जेवताना सांगितली, आणि तेथेच माझी चूक झाली. कारण नातीने खापरपणजीचा पक्ष तत्काळ घेतला आणि पुरावा मागितला. सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी एक छोटा प्रोजेक्टर घेतलेला आहे. तो आम्ही रीतसर अर्ज करून, रजिस्टरमध्ये सही करून घरी आणला. दिवाणखान्याच्या मधोमध दोरीवर पांढरी चादर बांधली, दिवे मालविले. मी चादरीपुढे, अण्णांच्या बाजूला, खुर्ची टाकून बसलो. नात चादरीमागे सतरंजीवर, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. वाघ पाण्यात उतरला, मोगली त्याच्यामागे; पाणी उसळले, हात कोणता ते दिसते न दिसते तोच चादरीच्या पलीकडून आवाज आला:

“आजोबा, डावाच आहे! खापरपणजी बरोबर होती!”

इकडून मी काही बोललो नाही.