विधवेची दमडी आणि कैसराचा कर

नाणी जमविण्याचा छंद मूलतः संशयी माणसाचा. महसूल खात्यात ३५ वर्षे काढल्यावर आधी शिक्का पाहावा आणि मजकूर मागाहून वाचावा, ही सवय मला जडली. निवृत्तीनंतर ती नाण्यांच्या कामी आली. हैदराबादेत राहणाऱ्याचा ओढा साहजिकच सातवाहन आणि आसफजाही नाण्यांकडे. बायबलकालीन नाण्यांकडे मी वळलो तो एका जुन्या सहकाऱ्यामुळे.

हे गृहस्थ ख्रिस्ती. त्यांच्या दिवंगत पत्नीने जेरुसलेमच्या यात्रेहून एक नाणे आणले होते. सोबत ‘विधवेची दमडी’ असे प्रमाणपत्र. मंदिराच्या दानपेटीत आपल्याजवळची दोनच क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची कथा शुभवर्तमानात आहे, त्यातली ही दमडी. पत्नीने ती अखेरपर्यंत उशाशी ठेवली होती. ‘‘हे खरे आहे का, एवढेच सांगा,’’ ते म्हणाले.

भिंग घेतले. ब्राँझचे नाणे, वजन जेमतेम एक ग्रॅम, ठसा एका बाजूला सरकलेला. ओतीव नकलेच्या कडेला सांधा दिसतो, पृष्ठावर बुडबुड्यांची छिद्रे असतात. येथे ती नव्हती. एका अंगाला जहाजाचा नांगर, दुसऱ्या अंगाला आठ किरणांचा तारा. माणसाचा चेहरा कोठेच नाही. मूर्तिनिषेधामुळे हास्मोनी राजांनी तो कटाक्षाने टाळला. नांगराभोवतीच्या ग्रीक लेखातली दोन-तीन अक्षरेच ठशात आली होती. परंतु नांगर आणि तारा ही जोडी पुरेशी बोलकी असते. नाणे अलेक्झांडर यानाय या ज्यू राजाचे, ज्याची कारकीर्द इ.स.पू. १०३ ते ७६.

म्हणजे येशूच्या बऱ्याच आधीचे. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. परंतु अशी हलकी नाणी शतकाहून अधिक काळ चलनात होती. त्या विधवेच्या मुठीत यानायचे नाणे असणे सहज शक्य आहे. शुभवर्तमान राजाचे नाव सांगत नाही. ‘नाणे अस्सल, राजा यानाय, त्या काळी प्रचलित’ एवढेच मी लिहून दिले. यापुढचे विधान कोणत्याही प्रमाणपत्राला झेपणारे नाही. त्यांनी तो कागद घडी करून नाण्याच्याच डबीत ठेवला.

कराच्या नाण्याची कथा मला अधिक जवळची. आयुष्य वसुलीतच गेले ना! कैसराला कर द्यावा की नाही, असे विचारले असता येशूने नाणे मागवून त्यावर मुद्रा कोणाची आणि लेख कोणाचा, असा उलट प्रश्न केला. नाणे ओळखताना आम्हीही हेच दोन प्रश्न आधी विचारतो. हे नाणे म्हणजे सम्राट टायबेरियसचा चांदीचा दिनार, असे परंपरेने मानतात. पुढे सम्राटाची मुद्रा आणि ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ हे बिरुद. मागे आसनस्थ स्त्री. गंमत अशी की, त्या काळातले हे दिनार जेरुसलेमच्या उत्खननांत विरळाच, दक्षिण भारतात मात्र विपुल. नळगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीस एकाच साठ्यात १५३१ रोमन दिनार मिळाले. बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियसचे.

दक्षिणेत सापडलेल्या अशा अनेक दिनारांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच घाव घातलेला दिसतो. परकीय राजाची सत्ता रद्द ठरविण्यासाठी तो घातला, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. मुलामा दिलेली खोटी नाणी तेव्हाही फिरत होती. ज्या मुद्रेने जेरुसलेमात धर्मसंकट उभे केले, तिच्या गालावर इकडच्या कोणा सावध व्यापाऱ्याने छिन्नी मारून आत तांबे तर नाही ना, एवढेच पाहून घेतले असावे.